मिरगाच्या आठवड्यातली रग्बी

24 सामने खेळून गुणतक्त्यात पहिला आलेला संघ एका शनिवारी 80 मिनिटांत बाहेर पडू शकतो, हे भाच्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी फोनवरच म्हटलं, "मग ते 24 सामने काय हौस म्हणून खेळले?" तो हसला. इंग्लंडच्या प्रीमियरशिप रग्बीत तसंच आहे. वरचे चार संघ उपांत्य फेरीत जातात, पहिला चौथ्याशी भिडतो आणि दुसरा तिसऱ्याशी. वर्षभर राबून पहिला आला त्याला बक्षीस काय, तर सामना आपल्या मैदानावर. 2022 च्या जूनमध्ये लेस्टर टायगर्स पहिले होते. चौथ्या जागेवर शेवटच्या फेरीत येऊन बसले ते नॉर्थम्पटन सेंट्स. म्हणजे शेजारी. बेळगावहून निपाणी जेवढी लांब, तेवढंही अंतर नाही दोन्ही गावांत, आणि दोन्ही क्लब 1880 सालचे. एवढ्या जवळचे आणि एवढे जुने लोक एकमेकांवर किती डूख धरून असतात, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, जॉबवर्कचं वर्कशॉप चालवतो. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडं मशीनिंग होतं आणि पुढं जातं. भाचा 2021 च्या सप्टेंबरात लेस्टरला शिकायला गेला. तिथं वर्गातल्या कुणीतरी त्याला वेलफर्ड रोडच्या मैदानावर नेलं आणि तिथून पुढं पोरगं अभ्यासाचं कमी आणि टायगर्सचं जास्त बोलायला लागलं. बहिणीला काळजी. मी मध्यस्थ म्हणून फोन करायचो तर मलाच अर्धा तास रग्बी ऐकावी लागायची. शेवटी त्यानं पैसे भरून सामने बघायची सोय करून दिली आणि शनिवारी पगार वाटून झाला की ऑफिसच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची सवय लागली.

बेळगावात फुटबॉलचं वेड जुनं आहे, क्रिकेट तर सगळीकडंच आहे. रग्बी मात्र आमच्यापैकी कुणीच बघितलेली नव्हती. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पास द्यायचा तो मागंच. पुढं द्यायचा नाही. मग हे लोक पुढं जातात कसे, हा सीएनसी मशीनवरच्या पोराचा पहिला प्रश्न. बरोबर प्रश्न होता. त्याचं उत्तर कळायला आम्हाला दिवाळीपर्यंत थांबावं लागलं.

सगळ्यात आधी कळलं ते वस्तादांना. वस्ताद आमच्याकडं स्टोअर सांभाळतात. तरुणपणी आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या केलेला माणूस. कान घासून घासून त्यांच्या गाठी झालेल्या. एका सामन्यात कॅमेरा पुढच्या फळीतल्या एका गड्याच्या तोंडाजवळ गेला आणि वस्तादांनी चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावलं. "ह्याचा कान बघ की. हा आपल्यातलाच आहे." त्या दिवसापासून खुर्ची पुढं.

मग स्क्रम. दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून एकमेकांत खांदे अडकवतात, एका बाजूचं वजन 800 किलोंच्या वर जातं, आणि पंच तीन हुकूम देतो: वाका, धरा, भिडा. आम्हाला तो नुसता ढीग दिसायचा. वस्तादांना त्यात माणसं दिसायची. एक नंबरच्या गड्याचं डोकं एका बाजूनं मोकळं असतं, तीन नंबरच्याचं मात्र समोरच्या दोघांच्या मध्ये अडकतं, म्हणून सगळा भार तीन नंबरवर येतो, हे त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. नुसतं बघून सांगितलं. "पाठ सरळ, कंबर खाली, मान वर. एवढं ज्याला जमलं तो उभा राहिला. तो तीन नंबर बघा, त्याचा पाय लई मागं गेलाय. आता पडूलाय." आणि स्क्रम कोसळला, शिट्टी वाजली, पेनल्टी. सीएनसीवरचं पोरगं त्यांच्याकडं असं बघत राहिलं, की जणू पंच त्यांना विचारूनच शिट्टी वाजवतोय.

टॅकल म्हणजे त्यांच्या लेखी पट काढणं. हात गुंडाळून पाडायचं, नुसता खांदा मारायचा नाही, आणि खांद्याच्या रेषेच्या वर धरायचं नाही, हे त्यांना मान्य. एकच गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. पाडलं की लगेच सोडायचं. "धरलेला माणूस सोडायचा? खरं मग धरायचा कशाला?" ह्यावर भाच्यानं फोनवरून दिलेलं स्पष्टीकरण त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पटलेलं नाही.

आमच्यात एक फितूरही होता. आमचा फिटर अथणीकडचा. घरात चपला करायचा धंदा. कोल्हापुरी म्हणून जगभर जाणाऱ्या चपला अथणीतही होतात आणि 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात बेळगाव जिल्ह्याचंही नाव आहे, हे तो नवीन माणसाला चहा यायच्या आत सांगतो. नॉर्थम्पटन हे पिढ्यान् पिढ्या बुटांचं गाव, तिथल्या फुटबॉल संघाला लोक चांभारच म्हणतात, हे त्याला भाच्यानंच सांगितलं. झालं. "मग मी त्यांचा," म्हणाला. वर्षभर एकटा नॉर्थम्पटनवाला, आणि सात-आठ लेस्टरवाल्यांमध्ये बसून निवांत गिरमिट खायचा.

हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात लेस्टर हरतच नव्हतं. जानेवारीत वास्प्सनी पहिल्यांदा पाडलं. (तेच वास्प्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कर्जापायी बुडाले. रग्बीतही कारखान्यासारखंच आहे, ऑर्डरबुक भरलेलं दिसतं आणि आत खातं रिकामं असतं.) त्या दिवसांत मला सामन्याआधी काहीच वाटायचं नाही. लागला सामना, बघितला, घरी गेलो. एक नंबरच्या गड्याला जागा बदलावी लागली तर काय होतं, पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं माणूस बाहेर, दहा मिनिटांत दोन ट्राय (चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवणं) बसू शकतात, हे काही माहीतच नव्हतं. जसजसा खेळ कळायला लागला तसतसं पोटात गोळा यायला लागला. माझ्या मते चाहता होणं म्हणजे एवढंच. काय काय बिघडू शकतं ह्याची यादी पाठ होणं.

गुणांचा हिशेब तर मी स्वतः वहीत मांडायला लागलो होतो. जिंकलं की 4, बरोबरी झाली की 2. चार ट्राय केले की वरचा एक, आणि हरूनसुद्धा फरक सात किंवा त्याहून कमी राहिला तर एक. म्हणून शेवटच्या मिनिटाला हरणारा संघही जीव तोडून पळत असतो. त्याला तो एक गुण हवा असतो. हे मला फार आवडलं. आपल्याकडं हरलेला माणूस शेवटची दहा मिनिटं हात झटकून उभा राहतो.

शेवटच्या फेरीच्या आधी चौथ्या जागेसाठी नॉर्थम्पटन आणि ग्लॉस्टर अशी रस्सीखेच होती. भाच्याची इच्छा ग्लॉस्टर यावं. माझीही. अथणीकर मात्र वहीत डोकावून बेरजा तपासायचा. 4 जूनला नॉर्थम्पटननं न्यूकॅसलला धुऊन काढलं आणि आमच्या वहीतली सगळी पानं वाया गेली. 11 जून, वेलफर्ड रोड, लेस्टर विरुद्ध नॉर्थम्पटन. अथणीकरानं त्या दिवशी चहाचे पैसे स्वतः दिले. असं आधी कधी घडलं नव्हतं.

पुढचा आठवडा वाईट गेला. मिरग निघाला होता. आमच्याकडची खानापूरच्या बाजूची दोन पोरं पेरणीला गावी गेलेली, धूळवाफ्यावर भात पेरून आभाळाकडं बघत बसलेली. इकडं मशीन चालू, माल वेळेत द्यायचा, आणि माझं लक्ष फोनवर. भाचा रोज काहीतरी नवीन काढून द्यायचा आणि ते ऐकून माझी भीती एक पायरी वर चढायची.

सोमवारी त्यानं ग्लॉस्टरची गोष्ट सांगितली. अंतिम सामना जिंकेल तोच विजेता, हा नियम आला 2002-03 च्या हंगामात. त्याच वर्षी ग्लॉस्टर तब्बल 15 गुणांच्या आघाडीनं पहिलं आलं. तेव्हा पहिला आलेला थेट अंतिम सामन्यात जायचा, त्यामुळं ते तीन आठवडे नुसते बसून राहिले आणि मग वास्प्सनी त्यांना 39-3 नं उडवलं. मी म्हटलं, हा अन्याय आहे. वस्ताद म्हणाले, "अन्याय कसला? मैदानात एक नंबरची कुस्ती शेवटीच लागते. लोक थांबतात ते तिच्यासाठीच." त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण पटलेलं नाही. एक नंबरच्या पैलवानाला त्या कुस्तीच्या आधी त्याच गड्यांशी 24 वेळा लढावं लागत नाही. शेवटचा सामना ठेवला की लंडनच्या ट्विकनहॅमचं 82 हजारांचं मैदान भरतं, हे खरं कारण, असं मी म्हटलं. ह्यावर सगळे गप्प झाले, कारण पैशाचं कारण निघालं की उद्यमबागेत पुढं वाद होत नाही.

मंगळवारी 2013. त्या वर्षी अंतिम सामन्यात हेच दोघं समोरासमोर. पहिला अर्धा संपत आला असताना नॉर्थम्पटनचा कर्णधार डिलन हार्टली पंच वेन बार्न्सना शिवी दिल्याबद्दल लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, आणि लेस्टर 37-17 नं जिंकलं. लेस्टरची ती दहावी प्रीमियरशिप, आणि नऊ वर्षं झाली तरी शेवटचीच. ह्या गोष्टीनं मला जरा बरं वाटलं. अथणीकर म्हणाला, "उद्या 2014 ची पण सांगायला लावा त्याला."

2014 चा उपांत्य सामना आम्ही जेवणाच्या सुट्टीत लावून बघितला. निकाल माहीत असून बघितला, तरी घशाखाली भाकरी उतरेना. तारीख 16 मे. इथं आपण सगळे लोकसभेच्या निकालाला चिकटून बसलो होतो, आणि तिकडं नॉर्थम्पटनच्या मैदानावर हा प्रकार चालला होता. त्यांच्या सालेसी मा'अफूनं आमच्या टॉम यंग्जला ठोसा मारला, लाल कार्ड, नॉर्थम्पटन 14 जणांवर आलं. एक माणूस जास्त, आघाडी आपली, वेळ संपत आलेला. आणि शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा टॉम वुड कोपऱ्यात ट्राय करून गेला. 21-20. पुढच्या फेरीत ते सारासेन्सला जादा वेळेत हरवून विजेतेही झाले. अथणीकर डबा बंद करत म्हणाला, "साकु. एवढं बास." नंतर दिवसभर तो शिट्टी वाजवत ड्रिलिंग करत होता.

ह्याचा अर्थ असा, की त्यांना माणूस कमी असल्याची भीती नाही आणि वेळ संपत आल्याचीही नाही. हे मी बुधवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोजत होतो. बायकोनं विचारलं, पेमेंट अडकलंय का? मी हो म्हटलं. नॉर्थम्पटन म्हणून कुठून सुरू करणार?

बाकीच्या भीत्या लहान होत्या, पण संख्येनं जास्त. नॉर्थम्पटनचा डॅन बिगर उंच किक मारणार आणि आमचा फ्रेडी स्टुअर्ड खाली उभा राहून चेंडू झेलणार, हे ठरलेलं. स्टुअर्डच्या हातून चेंडू सुटत नाही, पण एकदा सुटला तर? त्या हंगामात नवीन नियमही होता. आपल्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा घेऊन समोरच्याच्या शेवटच्या 22 मीटरांत बाजूला गेली, तर चेंडू मारणाऱ्यालाच परत मिळतो. सीएनसीवरच्या पोरानं ह्याचा कोन कागदावर काढून दाखवला, अगदी ड्रॉइंगसारखा, मापं टाकून. त्याला वाटलं मला आनंद होईल. मला फक्त बिगर दिसला.

आणि जॉर्ज फोर्ड. लेस्टरचा डोकेबाज खेळाडू, हंगाम संपला की सेल नावाच्या क्लबला जाणार हे ठरलेलं. कर्णधार एलिस गेंजही ब्रिस्टलला चाललेला. निघालेला माणूस मन लावून खेळतो का, हा प्रश्न प्रत्येक मालकाला पडलेला असतो. नोटीस पिरियडमधला ऑपरेटर काय काम करतो हे मी बघितलंय. भाच्यानं मात्र उलट दाखला दिला. 2013 चा अंतिम सामनाही फोर्ड नॉर्थम्पटनविरुद्ध लेस्टरकडून खेळला होता, बदली म्हणून, वीस वर्षांचा असताना. आणि तेव्हाही तो बाथला निघालेलाच होता. "मामा, निघालेला फोर्ड आपल्याला लकी आहे," म्हणाला. मी देवाधर्माचा फार नाही, तरी हे वाक्य मी दोन दिवस धरून ठेवलं.

शुक्रवारी संघ जाहीर झाले. भाच्यानं दोन्ही याद्या पाठवल्या. वस्तादांनी फोन हातात घेतला आणि फक्त एक, दोन, तीन आणि मग सोळा, सतरा, अठरा हे आकडे वाचले. सोळा-सतरा-अठरा म्हणजे राखीव पुढची फळी. बाकीच्या पोरांकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. "साठाव्या मिनिटाला ही तिघं येणार. तेव्हा कुस्ती सुरू होईल. त्याच्या आधी नुसती सलामी." फोन परत देताना म्हणाले, "झोप आज."

शनिवारी दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि मला दुसराच घोर लागला. लाईट. आमच्या भागात पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधी लाईट जाते. इन्व्हर्टरला पाणी घातलं, राउटर त्याच्यावर घेतला, आणि तरीही मोबाईलचं नेट वेगळं तयार ठेवलं. खानापूरच्या पोरांचे फोन येत होते, की इकडं अजून थेंब नाही, तिकडं काय? त्यांना पाऊस पाहिजे होता आणि मला रात्रीपर्यंत नको होता. मी तसं बोललो नाही. पेरलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं.

पगार लवकर वाटला. गिरमिट आणि मिरची-भजी आली. अथणीकर हिरवा शर्ट घालून आला, काळी पँट, आणि गळ्यात पिवळा रुमाल. नॉर्थम्पटनचे तिन्ही रंग त्यानं घरात सापडेल त्यातून जमवले होते. पैज कुंद्याची, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईची, एक किलो. भाच्यानं मैदानातून व्हिडिओ पाठवला. वेलफर्ड रोड भरलेला, पंचवीस हजारांच्या आसपास माणूस, आणि त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर एक म्हातारे नॉर्थम्पटनवाले गृहस्थ सँडविच खात बसलेले. रग्बीत दोन्हीकडचे लोक वेगळे बसवत नाहीत. म्हातारबाबांनी कॅमेऱ्याकडं बघून हात केला. अथणीकरानं इकडून परत हात केला, जणू त्यांना दिसणारच आहे. वस्तादांनी त्याची खुर्ची मागून ओढून आपल्या शेजारी घेतली. "इथं बस. स्क्रमला सांगतो तुला, तुझा कोण पडणार ते."

सामन्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण मी अर्धा वेळ स्क्रीनकडं बघतच नव्हतो, घड्याळाकडं बघत होतो. लाईट एकदा गेली आणि इन्व्हर्टरनं सांभाळलं. लेस्टर 27, नॉर्थम्पटन 14. अथणीकर उठला, रुमाल काढून खिशात घातला आणि म्हणाला, "कुंदा उद्या. आज दुकानं बंद झाली असतील." बंद झाली नव्हती. पोरांनी त्याला गाडीवर बसवून नेलं.

पुढच्या शनिवारी, 18 जूनला, सारासेन्सशी अंतिम सामना होता. त्यात फोर्ड पहिल्याच अर्ध्यात पाय दुखावून बाहेर गेला, बदली आलेल्या फ्रेडी बर्न्सनं 79 व्या मिनिटाला ड्रॉप गोल (चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक) मारला आणि 15-12 नं अकरावी प्रीमियरशिप आली. चुरस म्हणून बघितलं तर तो सामना कितीतरी मोठा. पण त्या आठवड्यात मी वेळेवर जेवलो, वेळेवर झोपलो, दोन कोटेशनं पाठवली. सारासेन्स लंडनचे. त्यांच्याकडून हरलो असतो तर वाईट वाटलं असतं, एवढंच. नॉर्थम्पटनकडून हरलो असतो तर सोमवारी सकाळी अथणीकराच्या आधी वर्कशॉपला पोहोचायचं धाडस मला झालं नसतं, आणि किल्ली माझ्याकडं असते.

तो अंतिम सामन्यालाही आला होता. सारासेन्सचा म्हणून. कुंद्याची पैज पुन्हा लावायला तयार होता, पण वस्ताद म्हणाले, "आधी मागच्या कुंद्याचे पैसे दे. ते मी भरलेत."